पिशवीच्या आधी लेबल वाचा

पर्यावरणाला जपून खरेदी करायची म्हटलं की आपल्याला पहिली आठवते ती कापडी पिशवी. ती न्यावीच. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली, तेव्हा नाले तुंबवणाऱ्या कचऱ्यात प्लास्टिकच्या पिशव्याही होत्या. मार्च 2018 पासून राज्यात त्यांच्यावर बंदी आहे. पण पिशवीचा प्रश्न मुख्यतः नाल्याचा, गाईच्या पोटाचा आणि समुद्राचा आहे. हवेत जाणाऱ्या कार्बनचा हिशोब मांडला, तर ती यादीत फार खाली घसरते.

हिशोब साधा आहे. एक किलो प्लास्टिक तयार होताना साधारण दोन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आठ ग्रॅमची एक पिशवी वर्षभर रोज घेतली, तरी वर्षाचे जेमतेम सहा किलो होतात. आता छताकडे बघा. साधा पंखा 75 वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा 30 वॉटच्या आसपास. दिवसाला बारा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस पंखा फिरला, तर दोघांत 162 युनिटचा फरक पडतो. आपल्या देशात एका युनिट विजेमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वर्षाला 110 किलोच्या वर. तोही एकाच पंख्याचा.

म्हणून इथे क्रम थोडा वेगळा ठेवला आहे: आधी मोठ्या वस्तू, मग वाण्याचं सामान, मग बाजार.

यादीची दोन पानं करा

एका पानावर घरात येऊन संपणाऱ्या वस्तू लिहा: धान्य, तेल, साबण, भाजी. दुसऱ्यावर घरात राहून वर्षानुवर्षं काहीतरी खात राहणाऱ्या: फ्रीज, पंखा, एसी, गिझर, वॉशिंग मशीन, गाडी. पहिल्या पानासाठी दर वेळी डोकं शिणवू नका, एकदा सवय लावली की पुरे. दुसऱ्या पानावरच्या प्रत्येक वस्तूला मात्र एक अख्खी संध्याकाळ द्या. आपण नेमकं उलटं करतो. कोथिंबिरीच्या जुडीसाठी तीन गाडे फिरतो आणि फ्रीज 'ऑफर आज रात्री संपतेय' म्हणून अर्ध्या तासात उचलतो.

विजेवर चालणारी वस्तू घेताना

ऊर्जा दक्षता ब्युरोचं स्टार लेबल 2006 पासून आहे. एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजला ते सक्तीचं आहेच, जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यालाही झालं. दुकानदार तारे दाखवतो. तुम्ही वर्षाच्या युनिटचा आकडा शोधा.

कारण तारे फक्त आपल्या गटात तुलना करतात. पाचशे लिटरचा पाच तारेवाला फ्रीज त्याच्याएवढ्याच फ्रीजच्या मानाने काटकसरी असतो. तरी तो 190 लिटरच्या तीन तारेवाल्यापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. तेव्हा पहिला निर्णय आकाराचा. चार माणसांना अडीचशे लिटरच्या आसपास पुरतात. 'थोडेच पैसे घालून मोठा घ्या' असं कोणी म्हटलं, तर दोन्ही मॉडेलच्या लेबलवरची वार्षिक युनिटं वजा करा, विजेच्या बिलातल्या दराने गुणा आणि दहा वर्षांचा आकडा काढा. ते 'थोडेच' किती होतात ते दुकानातच कळतं.

दुसरी गोष्ट, लेबलवर त्याच्या वैधतेचा कालावधी छापलेला असतो. ब्युरो ठरावीक काळाने निकष कडक करतं, त्यामुळे कालचे पाच तारे नव्या तक्त्यात चार किंवा तीन होतात. सवलतीत निघालेला माल बऱ्याचदा जुन्या तक्त्यातला असतो. घ्यायला हरकत नाही, पण तुलना करताना तारखा सारख्या हव्यात.

एसीच्या लेबलवरचा वार्षिक आकडा 1600 तासांच्या वापरावर काढलेला असतो. दुकानात हे सहसा कोणी सांगत नाही, पण सगळा निर्णय यावरच ठरतो. तुम्ही फक्त एप्रिल-मेच्या रात्री आठ तास एसी लावत असाल, तर वापर पाचशे तासांच्याही आत राहतो. तेव्हा लेबलवरच्या आकड्याचा तिसरा हिस्सा धरा. अशा घराला तीन तारे पुरतात आणि उरलेले पैसे खिडकीवरच्या पडद्यात किंवा गच्चीवरच्या पांढऱ्या रंगात घातले तर जास्त उपयोगी पडतात. घरून काम करणाऱ्याने मात्र पाचच घ्यावेत. ठेवायचा 24 अंशांवर: एकेक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते असा ब्युरोचा हिशोब आहे.

विदर्भ-मराठवाड्यात तर आधी कूलरचा विचार करा. कोरड्या उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याला दीडशे-दोनशे वॉटचा कूलर जे काम करतो, त्यासाठी एसीला दीड हजार वॉट लागतात. कूलर पाणी पितो हे खरं, तेव्हा नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हा हिशोबही मांडावा लागतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत मात्र कूलर घेऊ नये. पैसे जातात आणि भिंतींना ओल येते.

एसीबद्दल आणखी एक प्रश्न विचारा: आत गॅस कोणता? आर-410ए हवेत सुटला, तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या 2088 पट तापवतो. आर-32 हा 675 पट आणि आर-290 फक्त तीनेक पट. नाव बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर असतं. पुढे दर उन्हाळ्यात मेकॅनिक 'गॅस कमी झालाय, भरावा लागेल' म्हणाला, की लक्षात ठेवा: गॅस वापराने संपत नाही, तो गळतो. आधी गळती शोधून बुजवायला सांगा, मग भरायला. एक किलो आर-32 गळणं म्हणजे साडेनऊशे युनिट वीज जाळण्याएवढं नुकसान, म्हणजे जवळपास दीड टनी एसीची लेबलवरची वर्षभराची वीज. पाच तारे बघून एसी घ्यायचा आणि गळतीकडे काणाडोळा करायचा, हे गणित कुठेच बसत नाही.

पंखा घेताना वॉटबरोबर हवा किती फेकतो तेही बघा. 48 इंची पंख्याने मिनिटाला किमान 210 घनमीटर हवा द्यावी, नाहीतर वीज वाचते आणि माणूस घामाने भिजतो. बीएलडीसी पंख्याची एक अडचणही सांगायला हवी. साधा पंखा बिघडला तर नाक्यावरचा रिवाइंडिंगवाला तो तासाभरात चालू करून देतो. बीएलडीसीचं सर्किट गेलं तर बहुतेक ठिकाणी त्याला हात लावणारा कारागीर मिळत नाही आणि पंखा थेट भंगारात जातो. म्हणून वॉरंटी मोटरची आहे की सर्किटचीही, किती वर्षांची, सर्किट सुटं मिळतं का, आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या तालुक्यात आहे की दोनशे किलोमीटरवर, हे आधी विचारा. ग्राहक व्यवहार विभागाचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल आहे. तिथे काही कंपन्यांच्या दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती मिळते.

गिझरचे तारे फसवे आहेत. तापवलेलं पाणी टाकीत नुसतं उभं असताना किती उष्णता वाया जाते, एवढंच ते मोजतात. पाणी तापवायला लागणारी वीज कोणत्याही गिझरला जवळपास सारखीच. तेव्हा टाकी छोटी घ्या, अंघोळीच्या वेळेलाच चालू करा, आणि गच्ची हक्काची असेल तर सौरबंब घ्या.

नवा फ्रीज आला की जुन्याचं काय, हेही खरेदीतच धरा. 'असू दे, सणासुदीला कोल्ड्रिंकला उपयोगी पडेल' म्हणून तो मागच्या खोलीत चालूच राहिला, तर नव्याने वाचवलेली वीज जुना खाऊन टाकतो. एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार जुना माल योग्य रीतीने मोडीत निघेल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे दुकानदाराला स्पष्ट विचारा की नेलेला फ्रीज पुढे कुठे जातो. उत्तरावरून बरंच कळतं.

वाण्याकडे: भंगारवाल्याची कसोटी

पुड्यावर बाणांचा त्रिकोण आहे म्हणून तो पुन्हा वापरात येतोच असं नाही. खरी परीक्षा भंगारवाला घेतो. तो ज्या वस्तूचे पैसे देतो, तिला पुढे गिऱ्हाईक आहे. दुधाच्या पिशव्या, तेलाचे कॅन, शॅम्पूच्या जाड बाटल्या, पत्र्याचे डबे, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या हे सगळं तो घेतो. वेफर्स, बिस्किटं, नूडल्स, कॉफीच्या एक रुपयावाल्या पुड्या तो हातात धरत नाही. त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते वेगळे करणं परवडत नाही. तेव्हा दोन ब्रँडमध्ये अडखळलात, तर ज्याचं वेष्टन भंगारवाला घेईल तो उचला.

याच कसोटीतून काही सवयी आपोआप निघतात:

- शॅम्पू, डिटर्जंट, केचप यांच्या सॅशे बंद, मोठी बाटली चालू.
- दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. पिशवी भंगारात जाते, पण तो नखाएवढा तुकडा कोणी वेचत नाही. तो थेट गटारात जातो.
- पिशवी धुऊन, सुकवून साठवायची. आंबलेली पिशवी वेचणाऱ्या बाईंनी हाताळावी अशी अपेक्षाच चूक.

पुण्यात हे काम करणाऱ्यांची संघटना 1993 पासून आहे: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका द्या, म्हणजे वेचणारीला न उघडता कळेल, ही साधी विनंती तिथूनच आली.

किराणा चार घरांनी मिळून घेतला तर वेष्टन बरंच कमी होतं. ही कल्पना नवी नाही. 1975 मध्ये सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत संघ करून हेच करत आली आहे: सभासदांची एकत्र यादी, घाऊक खरेदी, मग वाटप. सोसायटीत चौघी तयार असतील तर तेलाचा 15 किलोचा डबा आणि तांदळाचं पोतं घेऊन बघा. डबा नंतर धान्याला होतो.

आणि कापडी पिशवी? नवी विकत घेऊ नका. जुन्या पँटची किंवा साडीची शिवून घ्या. कापूस पिकवायला, पिंजायला, विणायला भरपूर पाणी आणि वीज लागते. प्रत्येक समारंभात मिळालेल्या दहा नव्या पिशव्या खुंटीला लटकत असतील, तर त्यांनी पर्यावरण काही जपलं जात नाही. दुकानात 'कापडी' म्हणून मिळणारी ती जाळीदार, रंगीत पिशवी तर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे प्लास्टिकच. खात्री करायची तर एक धागा काडीने पेटवा. सुताचा धागा कागदासारखा जळून राख होतो. प्लास्टिकचा वितळून टोकाला टणक मणी होतो.

हिरवी पानं छापलेली पाकिटं

'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'नैसर्गिक', 'पृथ्वीची काळजी घेणारे' हे शब्द छापायला शाई सोडून काही लागत नव्हतं. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली: असा दावा करायचा तर तो नेमका कशाबद्दल आहे आणि पुरावा काय, हे सांगावं लागतं. म्हणून दावा दिसला की तीन गोष्टी शोधा. दावा अख्ख्या वस्तूचा आहे की फक्त झाकणाचा? तपासणाऱ्या संस्थेचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का? 'तीस टक्के कमी' म्हटलं असेल, तर कशापेक्षा कमी?

सेंद्रिय अन्नाला 'जैविक भारत' हे चिन्ह आणि 14 आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक असायला हवा. त्यामागे दोन वाटा आहेत: एक तिऱ्हाईत संस्थेकडून तपासणीची, दुसरी पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासण्याची. शनिवारच्या बाजारात थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याकडे मात्र चिन्ह नसलं म्हणून तो खोटा ठरत नाही. नियमांनी थेट विक्रीला मोकळीक दिली आहे. त्याला किडीला काय फवारतो, बियाणं कुठलं, शेजारच्या शेतात काय आहे, असं विचारा. ज्याने खरोखर केलंय तो दहा मिनिटं बोलायचं थांबत नाही. 'नैसर्गिक' या शब्दाने फवारणीबद्दल काहीच कळत नाही.

'बायोडिग्रेडेबल' पिशव्यांवर माझा विश्वास फार कमी आहे. खरी कंपोस्ट होणारी पिशवी असेल तर तिच्यावर आयएस 17088 हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. तरीसुद्धा ती कुजते मोठ्या खत-प्रकल्पाच्या उष्णतेत. गॅलरीतल्या कुंडीत महिनोन्महिने तशीच पडून राहते. 'ऑक्सो' म्हणून विकल्या जाणाऱ्या तर नुसत्या चुरा होतात, आणि तो चुरा प्लास्टिकचाच.

दिवाळीत फटाके घेणारच असाल तर हिरव्या फटाक्यांवरचा नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचा क्यूआर कोड स्कॅन करून बघा. त्यांतून धूलिकण साधारण तीस टक्के कमी निघतात. उरलेले सत्तर टक्के निघतातच, हे पोरांनाही सांगावं.

मासळी बाजारात

इथे गिऱ्हाइकाच्या हातात जेवढी ताकद आहे तेवढी क्वचितच कुठे असते, कारण समोर बसलेली कोळीण आपण काय मागतो ते उद्या आणते.

पहिली पाहायची ती लांबी. पापलेट 2023 पासून राज्यमासा आहे, आणि त्याच वर्षी राज्याने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. साध्या बॉलपेनापेक्षाही जे पापलेट आखूड, त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. ताटात एकेक अख्खं बसतं म्हणून ही पिल्लं स्वस्तात जोडीने मागितली जातात, आणि म्हणूनच ती जाळ्यात येत राहतात. ती नाकारा, आणि का नाकारली ते सांगाही.

दुसरा प्रश्न हंगामाचा. पावसाळ्यात, साधारण 1 जून ते 31 जुलै, यांत्रिक बोटींना बंदी असते, कारण हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ. जुलैत समोर सुरमई-पापलेटचा ढीग दिसला तर ते बर्फातलं किंवा परराज्यातलं असतं. आपल्या आज्या-पणज्यांनी यावर तोड काढलेली होतीच: मे महिन्यात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची. उन्हात सुकवलेले बोंबील, सुकट, सोडे. त्यांना ना फ्रीजची वीज लागते ना बर्फ. पहिल्या पावसात ओढ्याने वर चढणारे वलगणीचे मासे मात्र गाबोळीने भरलेले असतात. ते चवीला कितीही भारी असले, तरी त्यांचा वाटा घेणं म्हणजे पुढच्या वर्षीचे मासे आजच खाणं.

एरवी रोजच्या जेवणाला बांगडा, तारली, मांदेली, बोंबील चांगले. हे लवकर वाढतात, पटापट आपली संख्या भरून काढतात, आणि खिशालाही हलके. सुरमई सणाला.

मासे न खाणाऱ्यांसाठी धान्यातलं एकच सांगतो: ज्वारी. मंगळवेढ्याची मालदांडी रब्बीत काळ्या जमिनीतल्या ओलीवर येते, तिला उभं पाणी लागत नाही, आणि मागे उरलेला कडबा गुरांना होतो. पाणी साचवलेल्या भातखाचरातून मिथेन निघतो, तसा तिच्यात प्रश्नच नाही. आठवड्यातून चार संध्याकाळी भाताऐवजी भाकरी केली, तर बाकी काही बदलायची गरज पडत नाही. भाकरी थापायला येत नसेल तर बचत गटाच्या बायका करून देतात.

कपड्यांचं म्हणाल तर कमी घ्या आणि शिंप्याशी ओळख ठेवा. घरपोच मागवता तेव्हा दहा मिनिटांत नको, आठवड्याचं एकदम येऊ द्या.

घेऊन झाल्यावर

मोठी वस्तू घरी आली की खोक्यावरच्या आणि अंगावरच्या लेबलांचे फोटो काढून बिलासोबत ठेवा. पुढे महिनाभर बिल बघा. लेबलवरच्या वार्षिक युनिटला बावन्नने भागून येणाऱ्या आकड्याशी फ्रीजचा खप जुळतो का, ते साध्या प्लग-मीटरने (प्लगला लावून युनिटं मोजणारं छोटं यंत्र) एका आठवड्यात कळतं. मोठी तफावत असेल तर आधी मागची जागा तपासा: फ्रीज भिंतीला चिकटवला तर त्याला श्वास घेता येत नाही आणि कॉम्प्रेसर उगाच चालत राहतो. जागा ठीक असूनही आकडा दीडपट येत असेल, किंवा पाकिटावरचा हिरवा दावा खोटा निघाला असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. मराठीतही बोलता येतं. तक्रारीत बिलाची तारीख, मॉडेल क्रमांक, लेबलचा फोटो आणि तुमची नोंदलेली युनिटं द्या, आणि तक्रार क्रमांक त्याच बिलाच्या मागे लिहून ठेवा.